उन्हातला दरबार

ऑक्टोबरच्या उन्हाबद्दल चांगलं बोलणारा मुंबईकर मला अजून भेटायचा आहे. पाऊस उघडला की चार दिवस बरं वाटतं आणि मग हे ऊन सुरू होतं. कपडे वाळतात हा त्याचा एकमेव गुण लोक सांगतात, तोही नाइलाजानं. कालच दादरच्या मंडईत कोथिंबिरीची जुडी हातात ठेवताना भाजीवालीनं मला सुनावलं, "ताई, उद्यापासून धाच्या आत या. नायतर ही पन सुकेल नि मी पन." मी हसले. खरं सांगायचं तर हल्ली मी या उन्हाची वाट बघते. चारचौघांत हे बोलायची सोय नाही, म्हणून लिहिते आहे.

त्याला कारण दोन वर्षांपूर्वीचा एक ऑक्टोबर. मी तेव्हा सत्तावन्न वर्षांची, विम्याच्या ऑफिसातून नुकतीच स्वेच्छानिवृत्ती घेतलेली. दुपारचं काय करायचं हे अजून अंगवळणी पडलं नव्हतं. तो सबंध महिना मी जवळजवळ रोज दादरहून ठाकूरद्वारला जात होते, बेबीआत्याच्या गॅलरीत बसत होते आणि साडेतीनच्या उन्हाची वाट बघत होते. त्या चाळीच्या गॅलरीत साडेतीनला ऊन तिरपं होऊन आत येतं, आधी कठड्यावर, मग बाकावर, मग उंबऱ्यापर्यंत. पाचला परत जातं. एवढ्या दीड तासात आमचं सगळं नाटक घडलं.

बेबीआत्या म्हणजे माझ्या वडिलांची मोठी बहीण. तेव्हा ती चौऱ्याऐंशीची होती. एवढ्या वयाच्या बाईला बेबी म्हणताना परक्या माणसाची जीभ अडखळते. गिरगावात कुणाला त्याचं काही वाटत नाही. तिथे प्रत्येक वाडीत एक तरी बेबी असते आणि ती सत्तरीच्या पुढचीच असते. आमची बेबी टेलिफोन खात्यात ऑपरेटर होती. तिनं लग्न केलं नाही. का, असं विचारलं तर सांगते, "दिवसभर दुसऱ्यांच्या लाइनी जोडून देत होते, आपली जोडायला वेळच झाला नाही." तिचे दोघे भाऊ, थोरला दादा आणि धाकटा भाऊ म्हणजे माझे वडील, दोघंही आता नाहीत. दोन खोल्यांत ती एकटी राहते, आणि तिला कुणाची गरज नाही हे दिवसातून दोनदा फोन करून सांगते.

तिचे आजोबा, म्हणजे माझे पणजोबा, भालदार होते. नाटकातले. एका संगीत नाटक कंपनीत राजाच्या मागे भाला धरून उभं राहायचं, आणि राजा आला की चोपदाराबरोबर एकदा ललकारायचं, एवढंच त्यांचं काम. ते त्यांनी कित्येक वर्षं केलं. नाटकं बदलली, राजे बदलले, भाला तोच राहिला. गंमत अशी की ज्या राजाच्या मागे ते उभे असत तो त्या काळी फार गाजलेला नट होता म्हणतात, पण आमच्या घरात त्याचं नाव कुणालाच माहीत नाही. "तो नाही का, आजोबांच्या पुढे उभा राहायचा तो," अशीच त्याची ओळख.

आणि होती जुळी. हा आमच्या घरचा शब्द. जाड तपकिरी पुठ्ठ्यावर शेजारी शेजारी चिकटवलेले दोन फोटो, एकाच प्रवेशाचे, बघायला अगदी सारखे. तो पुठ्ठा एका लाकडी दुर्बिणीच्या दांडीवर अडकवायचा. भिंगांना दोन्ही डोळे लावले की दोन फोटोंचा एक फोटो व्हायचा आणि तो खोल व्हायचा, पुढचं पुढे, मागचं मागे, मधे खरीखुरी हवा. कुणा हौशी फोटोग्राफरनं कंपनीच्या नाटकांतले प्रवेश असे टिपले होते. त्यांतला एक संच पणजोबांना मिळाला होता. पत्र्याच्या डब्यात ती जुळी असत आणि रविवारी दुपारी पणजोबा तो डबा काढत.

मी मात्र लहानपणी जुळी पाहिली नाहीत. मी पाहिले ते सुटे फोटो, एकेकटे, कडा कात्रीनं सरळ कापलेले. ती कात्री आत्याची.

"मग काय करणार?" ती सांगायची, आणि ही गोष्ट सांगताना दर वेळी तिच्या आवाजात थोडा तोरा असायचा. "आजोबा गेले आणि डबा आला आमच्या हातात. दादा पंधराचा, तुझा बाप नऊचा. मी मधली, बारा. रोज मारामारी, आधी मी, आधी मी. एकदा त्या ओढाताणीत दुर्बीणच फुटली. मग मी म्हटलं, अरे, प्रत्येक पुठ्ठ्यावर दोन-दोन सारखेच फोटो आहेत की! आईची कात्री घेतली. एक दादाला, एक भाऊला. भांडण खलास."

वाटणी इतकी चोख झाली की तिच्या आईनं तिला खोबऱ्याची वडी दिली म्हणे. दोन फोटो सारखे नसतात, त्यातला एक डाव्या डोळ्यानं पाहिलेला असतो आणि एक उजव्या, हे घरात कुणाच्या डोक्यातच आलं नाही. काटकसरी घर. एकाच गोष्टीच्या दोन प्रती एकत्र ठेवायच्या म्हणजे उधळपट्टी.

पुढे दादाकाका मिलमध्ये टाइमकीपर झाले आणि नायगावला बीडीडी चाळीत राहायला गेले. त्यांचे अर्धे फोटो त्यांच्याबरोबर गेले, आमचे अर्धे ठाकूरद्वारला राहिले. माझ्या वडिलांचा लाडका फोटो दरबाराचा. मधोमध राजा, हात उंचावलेला. बाजूला प्रधान. दोन दासी, अर्थात पुरुषच. आणि राजाच्या खांद्याला खांदा लावून भाला धरलेले आमचे पणजोबा. पाहुणे आले की वडील तो फोटो काढत. "बघा, खांद्याला खांदा आहे की नाही? भालदार म्हणजे काय साधा माणूस नव्हे." पाहुणे मान डोलवत. मीसुद्धा शाळेत हीच शेखी मिरवली आहे.

त्या वर्षी सर्वपित्री उलटली आणि नंदूचा फोन आला. नंदू म्हणजे दादाकाकांचा मुलगा, माझ्याहून सहा वर्षांनी लहान. त्यांची चाळ पाडून तिथे टॉवर होणार होता आणि घरोघरी बांधाबांध चालली होती.

"शुभाताई, ते आजोबा-पणजोबांचे हाफ फोटो सापडलेत गं. जाम धूळ आहे. ठेवू की टाकू?"

"टाकलेस तर बघ! हात लावू नकोस, मी येतेय."

"अगं लगेच कुठे निघालीस, ऐक तरी..."

वडिलांमागे माझ्याकडे आलेले आमचे अर्धे फोटो पिशवीत टाकून मी तासाभरात नायगावला पोचले. घरात खोकी इतकी की माणसांनी कुठे उभं राहायचं हा प्रश्न. नंदूची बायको, मालवणची, कंबरेला पदर खोचून भांडी वर्तमानपत्रात गुंडाळत होती. "फोटो बगूक इलास?" ती म्हणाली. "माका वाटला, हेल्प करूक इलास." मला लाज वाटली, मी चार पातेली गुंडाळली. मग आम्ही पलंगावर दोन्ही घरचे फोटो मांडले, पत्त्यांतल्या जोड्या लावतात तसे. इतक्या वर्षांत काही नायगावला हरवले होते, काही ठाकूरद्वारला, आणि दोन्हीकडे नेमके वेगवेगळे. अख्ख्या पसाऱ्यात जुळलेला जोड एकच निघाला. दरबार.

संध्याकाळी मी ते आत्याला सांगितलं. मला वाटलं होतं, ती हसेल, पुन्हा कात्रीची गोष्ट सांगेल. तसं झालं नाही. ती म्हणाली, "त्यात आजोबा उभे असायचे. फोटोत नाही गं. आत. मी हात घालून बघायची पुठ्ठ्यामागे, कुठे आहेत म्हणून." आणि मग, माझ्याकडे न बघता, "मी कापलं म्हणून पुन्हा कुणाला दिसले नाहीत."

इतकी वर्षं त्या तोऱ्याखाली हे होतं, आणि मला ते कळलं नव्हतं. मला फार वाईट वाटलं. आजोबांना तसं आत उभं असलेलं पाहिलेलं जगात आता एकच माणूस उरलं होतं. मी ठरवलं, आत्याला ते पुन्हा दाखवायचं.

दुर्बीण मिळाली फाटकांकडे. फाटक म्हणजे फोर्टात आयुष्यभर कॅमेरे दुरुस्त करून आता माटुंग्याला राहणारे गृहस्थ. माझ्या ऑफिसातल्या मैत्रिणीचे सासरे. घरात सोफ्यापेक्षा कॅमेरे जास्त. त्यांनी दरबाराचे दोन्ही तुकडे खिडकीपाशी नेले आणि लहान मूल चॉकलेटकडे बघतं तसं बघत बसले.

"हा नाटकगृहातला फोटो नाही बरं का," ते म्हणाले. "तेव्हा फिल्मऐवजी काचा असायच्या, तिथल्या दिव्यांत त्यांच्यावर काही उमटलंच नसतं. दिवसा काढलाय. पडदा सोडवून बाहेर अंगणात टांगलाय. सावल्या बघा की."

मी पहिल्यांदाच सावल्या पाहिल्या. राजाच्या पायाशी काळीभोर सावली होती. संगमरवरी महाल जिथे संपत होता तिथून शहाबादी फरशी सुरू होत होती आणि एका कोपऱ्यात तुळशीवृंदावनाचा कट्टा डोकावत होता. लहानपणापासून हजारदा पाहिलेला फोटो, आणि तो उन्हात काढलेला आहे हे मला कुणी सांगेपर्यंत दिसलं नाही.

"कॅमेरा एकच," फाटक म्हणाले. "एक फोटो काढायचा. मग तोच कॅमेरा फळीवर चार बोटं बाजूला सरकवायचा, दुसरी काच घालायची, दुसरा फोटो. तेवढा वेळ सगळ्यांनी तसंच उभं राहायचं. जरीचे कपडे, डिंकानं चिकटवलेल्या मिशा, वर हे ऊन." त्यांनी मला दुर्बीण दिली आणि बजावलं, "डावा डावीकडे, उजवा उजवीकडे. चुकलात तर राजाचा रंक होईल." मी विनोद समजून हसले आणि निघाले.

त्यानंतर मी कुठेही असले तरी दुपारी मला ते अंगण दिसायचं. गिरगावातलंच असेल, कुठलं ते आता कोण सांगणार. मी ठाकूरद्वारच्या रस्त्यानं जाताना प्रत्येक वाडीच्या तोंडाशी थांबून आत बघायची. इथे टांगला असेल का पडदा? त्या खिडकीतून कुणी बाई धुणं वाळत घालता घालता दरबार बघत असेल का? वर पोचले की गॅलरीत पोरं दिवाळीच्या कंदिलाच्या काड्या बांधत बसलेली असायची, कुणाकडे तरी बेसन भाजायचा वास, बाकावर गादीचे अभ्रे वाळत टाकलेले. सगळं ऑक्टोबरचं. मला वाटायचं, फोटोग्राफरनंही हाच महिना धरला असणार. पाऊस नाही, ढग नाही, आकाश धुतलेलं. आपण ज्याला शिव्या घालतो त्या उन्हात कुणीतरी राजवाडा उभा केला होता.

पण एक अडचण होती, आणि ती आत्याच्या उजव्या डोळ्यात होती. तिथे मोतीबिंदू इतका पिकला होता की त्या डोळ्यानं तिला फक्त उजेड आणि अंधार कळायचा. डाव्या डोळ्याचं ऑपरेशन पूर्वीच झालं होतं आणि त्या वेळी तिला उलट्यांचा इतका त्रास झाला होता की दुसऱ्या डोळ्याचं नाव काढलं की ती विषय बदलायची. आधी म्हणाली पावसाळ्यात नको. पावसाळा गेला तर पितृपक्ष. मग नवरात्र. "आणि एका डोळ्यानं सगळं दिसतं मला. समोरच्या जोश्यांच्या स्वयंपाकघरात काय शिजतंय तेसुद्धा दिसतं."

फाटकांची दुर्बीण मी तिला आधी त्यांच्याकडच्याच एका पुठ्ठ्यावर दाखवली. कुठल्याशा बागेतलं कारंजं होतं. तिनं डोळे लावले, मागे घेतले, पुन्हा लावले.

"हा तर नुसता फोटो आहे."

"दोन्ही डोळ्यांनी बघ."

"दोन्हीच लावलेत. दुर्बिणीतच काहीतरी गडबड आहे. आमची चांगली होती." मग ऊन कमी आहे म्हणाली, मग बाक उंच आहे म्हणाली. नाचता येईना अंगण वाकडं. शेवटी तिनं दुर्बीण मांडीवर ठेवली.

मी तेव्हा थोडं कठोर बोलले. बोलायला नको होतं की बोलायलाच हवं होतं, अजून ठरवता आलेलं नाही. "आत्या, हे दोन डोळ्यांचं काम आहे. एका डोळ्याला आजोबा फोटोतच राहणार. आत नाही जाणार."

तिनं माझ्याकडे असं बघितलं की मला वाटलं, आता पुन्हा येऊ नकोस म्हणणार. खाली वाडीत कुणीतरी क्रिकेटची दांडी उडवली आणि आरडाओरडा झाला. तो शमेपर्यंत ती थांबली.

"किती वेळ लागतो हल्ली?"

"वीस मिनिटं."

"आणि उलट्या?"

"हल्ली नुसते थेंब घालून करतात. इंजेक्शनसुद्धा नाही."

"दसरा होऊ दे," ती म्हणाली. मी तोंड उघडायच्या आत तिनं बोट वर केलं. "आणि त्यापुढे मी काही काढलं, तर माझं ऐकायचं नाही. तू मला ओढत न्यायची."

ओढत न्यावं लागलं नाही. लालबागच्या डोळ्यांच्या दवाखान्यात ती माझ्या आधी तयार होऊन बसली होती, आणि आत जाताना भीतीनं तिचा हात माझ्या हातात इतका घट्ट होता की बांगडी रुतली. पंचवीस मिनिटांनी बाहेर आली ती डॉक्टरांना शिकवत. "तुमच्या त्या मुलीला सांगा, पेशंटशी बोलताना आवाज खाली आणि स्पष्ट. आम्हाला पहिल्या दिवशी हेच शिकवलं होतं." पट्टी निघाली त्या सकाळी सात वाजता मला फोन. मला वाटलं काय झालं. "अगं, आज चहा कपातच पडला! इतके दिवस निम्मा बशीत जायचा. किटलीला उगीच बोलले."

दिवाळी आठवड्यावर आली तेव्हा डॉक्टरांनी तिच्या दोन्ही डोळ्यांना हिरवा कंदील दाखवला. मी नंदूला आणि वहिनीला बोलावलं. वहिनी चकल्यांचा डबा घेऊन आली. आदल्या दिवशी घरी मी दोन्ही तुकडे नव्या पुठ्ठ्यावर बसवले होते. डिंक लावायचा धीर झाला नाही म्हणून अल्बमला लावतात तसे चिकट कोपरे लावले. कुठला कुठे, हा प्रश्नच नव्हता, कारण प्रत्येक तुकड्यामागे पेन्सिलीनं बारीक अक्षर होतं. नंदूकडच्यावर 'उ', आमच्याकडच्यावर 'डा'. बारा वर्षांच्या बेबीनं वाटणी करतानाही नोंद ठेवली होती, थोरल्याला उजवी, धाकट्याला डावी. मी 'उ' उजवीकडे बसवला, 'डा' डावीकडे.

साडेतीन वाजले. ऊन कठड्यावरून बाकावर आलं. आत्या उन्हाकडे पाठ करून बसली, नवीन चष्मा काढला, पदरानं भिंगं पुसली आणि दुर्बीण डोळ्यांना लावली. आम्ही तिघं उभे. शेजारच्या जोशीणबाईही कठड्याला टेकून उभ्या राहिल्या, त्यांना कुणी बोलावलं नव्हतं.

"अगंबाई!" आत्या ओरडली. "आजोबा पुढे आलेत!"

"म्हणजे?"

"पुढे! अगदी पुढे! राजा पार आत गेलाय. भोकातून बघतोय!"

दुर्बीण हातोहात फिरली. खरंच तसं होतं. पणजोबा भाला घेऊन अगदी नाकासमोर उभे होते. त्यांच्या मागे, महालाच्या भिंतीत माणसाच्या आकाराचं एक भगदाड, आणि त्याच्या तळाशी हात उंचावलेला तो महान नट. "च्यायला, पणजोबा हिरो!" नंदू म्हणाला. वहिनीनं डोळे लावले आणि ती हसतच सुटली. "राजाक खड्ड्यात घातल्यान गो!" आत्या टाळ्या वाजवत होती. चौऱ्याऐंशी वर्षांची बाई, लहान मुलीसारखी.

मला मात्र फाटकांचं 'राजाचा रंक' आठवलं.

"आत्या, 'उ' म्हणजे उजवीच ना?"

"मग काय उत्तर दिशा?"

"कुणाची उजवी?"

"कुणाची म्हणजे? नटाची!" ती चिडूनच म्हणाली. "नाटकात बघणाऱ्याची उजवी धरत नाहीत. नट लोकांकडे तोंड करून उभा राहिला की त्याचा जो उजवा हात, ती उजवी. आजोबांनी शिकवलं होतं मला, पहिला धडा. मी फोटोतल्या आजोबांची उजवी लिहिली." मग तिच्याही ध्यानात आलं. "तू आपली धरलीस?"

मी आपली धरली होती. मी विम्याच्या ऑफिसातली बाई, कागदाची उजवी बाजू म्हणजे माझ्या उजव्या हाताची, यापलीकडे माझी अक्कल गेली नव्हती. तुकडे उलटे बसले होते, म्हणून मागचं पुढे आलं होतं आणि पुढचं मागे गेलं होतं. जन्मभर मागे उभा राहिलेला माणूस माझ्या चुकीनं पुढे आला होता.

खरं सांगते, मला ते बदलावंसं वाटेना. ही बाई सत्तरच्या वर वर्षं मनात खंत घेऊन जगली, भीती गिळून डोळा कापून घेतला, आणि तिला आजोबा दिसले ते असे, सगळ्यांच्या पुढे. आता दोन तुकड्यांची अदलाबदल करून मी त्यांना पुन्हा मागे धाडू? नंदूच्या मनातही तेच आलं असावं. "राहू दे ना ताई," तो हळूच म्हणाला. "कोण चेक करायला येतंय?"

आत्यानं ऐकलं. तिचे कान अजून ऑपरेटरचे आहेत.

"राँग नंबर लागलाय कळल्यावर लाइन तशीच ठेवत नाहीत," ती म्हणाली. "बदल."

मी कोपऱ्यांतून तुकडे काढले. 'डा' उजवीकडे, 'उ' डावीकडे. पुठ्ठा दांडीवर चढवला आणि दुर्बीण तिच्या हातात दिली. ऊन तोवर तिच्या खांद्यावरून मांडीवर आलं होतं.

दांडीवरचा पुठ्ठा तिनं थोडा पुढे सरकवला, थोडा मागे घेतला.

"केवढे मागे उभे आहेत गं," ती म्हणाली.

मग पुन्हा, "खांद्याला खांदा बिंदा काही नाही. मधे अख्खं अंगण आहे. पार पडद्याला चिकटून आहेत."

माझे वडील आठवले, पाहुण्यांपुढे फोटो धरलेले. सपाट फोटोत दोन खांदे एकमेकांना लागले होते आणि आम्ही तीन पिढ्या त्यावर तरलो होतो. आत्यानं तर लहानपणी हे अंतर डोळ्यांनी पाहिलेलं होतं, पण इतक्या वर्षांत तिच्या आठवणीनं आजोबांना पावलापावलानं पुढे आणलं होतं. मी त्यांना पुन्हा मागे ढकललं. मी रडायच्या बेतात होते.

"आत्या, अगं, स्टेजवर असतंच तसं," मी सुरू केलं, "लांब उभं राहणाऱ्यालाही..."

तिनं दुर्बिणीवरचा एक हात काढून मला थांबवलं.

"या राजाला हात किती आहेत?" तिनं विचारलं.

"किती म्हणजे? दोन."

"मला तीन दिसतायत. वर केलेला हात दोन ठिकाणी आहे." ती पुढे वाकली. "आणि तोंडही धड नाही. पहिल्या फोटोनंतर हलला मेला. प्रधानाची मान फिरलीय. ही डावीकडची दासी, ही तर चक्क हसलीय, दात दिसतायत एका डोळ्याला. सगळे हललेत. धड कुणी दिसतच नाही."

"आणि पणजोबा?" नंदूनं विचारलं.

आत्यानं दुर्बीण खाली घेतली. दोन्ही डोळ्यांतून पाणी वाहत होतं, नव्या आणि जुन्याही, आणि ती हसत होती. दुर्बीण तिनं नंदूच्या हातात दिली, खांदे धरून त्याची पाठ उन्हाकडे वळवली आणि म्हणाली, "बघ. अख्ख्या दरबारात एकटे आजोबा आपलं काम करतायत."